अर्ध्या टक्क्याचा शब्द

"बँकेत माझ्या शब्दाला किंमत आहे," हे वाक्य मी जेवताना उच्चारलं. जेवताना बोलू नये असं डॉक्टर सांगतात, ते घास भलतीकडे जाऊ नये म्हणून. शब्द भलतीकडे गेला तर काय करायचं, याबद्दल वैद्यकशास्त्र गप्प आहे.

निमित्त होतं खुर्चीचं. आमची लेक दातांची डॉक्टर. इतके दिवस एका मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी करत होती. दात ती काढायची, पेशंट आभार मात्र मोठ्या डॉक्टरांचे मानायचे. आता तिने वह्यापुस्तकांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि पेशंटसाठी एक खुर्ची पसंत केली होती. ही खुर्ची वर जाते, खाली येते, आडवी होते, उजेड पाडते आणि पाण्याची चूळही भरायला देते. एवढं सगळं करणाऱ्या खुर्चीची किंमत ऐकून मी उभाच राहिलो.

"कर्ज मंजूर झालंय बाबा," लेक म्हणाली. "पण व्याज जरा जास्त आहे. अर्धा टक्का कमी झाला असता ना, तर वर्षाला दोन महिन्यांचं भाडं सुटलं असतं. मग मोठ्या डॉक्टरांकडची संध्याकाळची नोकरी मी याच महिन्यात सोडली असती."

"कुठली बँक?"

"तुमचीच."

बस. 'तुमचीच' म्हटल्यावर माझी छाती आपोआप पुढे आली. चाळीस वर्षांचं खातं! शाखेची फरशी बदलताना मी पाहिली आहे, पंखे जाऊन एसी आलेला पाहिला आहे. शिवाय निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी शाखेत जातो. पासबुक भरून घेतो, पेपर वाचतो, रांगेतल्या लोकांना कुठली खिडकी कशाची ते सांगतो. एखादा मुलगा आईबापांना इतक्या नेमाने भेटत नसेल.

"अर्धा टक्का ना? उद्या सुटला असं समज," मी म्हणालो. आणि पाठोपाठ ते शब्दाच्या किमतीचं वाक्य.

लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी तिच्या लहानपणी, बाहुलीचा तुटलेला हात बसवून दिला तेव्हा पाहिली होती. हात दुसऱ्या दिवशी पुन्हा निखळला, पण तो विषय वेगळा. आमच्या हिने मात्र वर न बघता विचारलं, "लेखी देताय का?"

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून शाखेत गेलो. कर्जाचं बघणारी एक 'रिलेशनशिप मॅनेजर' होती. तिशीतली, अतिशय गोड आवाजाची. वाईट बातमी सांगायची असली की तो आवाज आणखी गोड व्हायचा. मी मनातल्या मनात तिचं नाव मधुरवाणी ठेवलं.

"सर, दर ठरवताना आम्ही फक्त कर्ज बघत नाही," ती म्हणाली. "त्या घराचा बँकेशी एकूण व्यवहार किती, ते बघतो. ठेवी, कार्ड, विमा, गुंतवणूक, लॉकर. सगळं मिळून बँकेला किती मिळतं, त्यातून आमचा खर्च किती होतो. त्याप्रमाणे सवलत."

"मग बघा की. माझं चाळीस वर्षांचं खातं आहे."

तिने माझा नंबर टाइप केला. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. डॉक्टर एक्स-रे बघताना असं करतात.

"सर..." आवाज मधासारखा झाला. "तुमचा रंग जरा लाल येतोय."

"लाल म्हणजे महत्त्वाचा?"

"म्हणजे... बँकेला तुम्ही परवडत नाही, सर."

आयुष्यात मला अनेक लोकांनी अनेक गोष्टी सुनावल्या आहेत, पण 'परवडत नाही' हे मी आजवर फक्त टोमॅटोबद्दल ऐकलं होतं. माझं म्हणणं पडलं की काहीतरी चूक असणार. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि समजावून सांगितलं. खात्यात शिल्लक बेताची. पेन्शन येते आणि लगेच जाते. कार्ड नाही, विमा नाही, लॉकर नाही. उलट मी शाखेत जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा बँकेच्या कुणाचा तरी वेळ जातो, आणि तो खर्च माझ्या नावावर पडतो.

"पण मी नुसतं पासबुक भरून घ्यायला येतो!"

"रोज, सर."

"म्हणजे काय, रोज भरायला नको?"

"महिन्यात चारच नोंदी असतात, सर. बाकीचे दिवस मशीन कोरंच पासबुक परत देतं."

नोंद नाही ही सुद्धा एक खात्रीच असते, हे तिला पटवून देण्यात अर्थ नव्हता. त्या पाच मिनिटांचा खर्चही माझ्याच नावावर पडत असणार. मी उठलो. काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन असतं, त्याच्याकडे पहिल्यांदाच माझं नीट लक्ष गेलं. चाळीस वर्षांत या लोकांनी मला एकदाही सुटं पेन दिलेलं नाही.

घरी मी कुणाला काही बोललो नाही. "काम चालू आहे," एवढंच सांगितलं. हे सरकारी वाक्य घरातही चालतं.

पण शेजारी नावाची एक संस्था असते. आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना मी सल्लागार म्हणतो. नोकरी त्यांची पाणीपुरवठा खात्यात झाली, त्यामुळे पाणी सोडून कुठल्याही विषयावर ते सल्ला देतात. माझा चेहरा बघून त्यांनी पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं.

"तुम्ही फार सरळ माणूस," ते म्हणाले. माझ्याबद्दल कुणी असं म्हणालं की त्याला मला मूर्ख म्हणायचं आहे, हे मला कळतं. "अहो, बँकेला धमकी द्यायची. खातं बंद करतो म्हणायचं. हातापाया पडतील. माझ्या साडूने दिली होती धमकी, मॅनेजरने स्वतः घरी येऊन समजूत काढली."

"तुमचा साडू काय करतो?"

"त्याचे तीन पेट्रोल पंप आहेत. पण मुद्दा तो नाही."

मुद्दा तोच होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी मधुरवाणीच्या टेबलापाशी उभं राहून, आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मला माझं खातं बंद करायचं आहे!"

रांगेतल्या माना माझ्याकडे वळल्या. मग मधुरवाणीने ड्रॉवर उघडला. ज्या बँकेत चेकबुकाचा अर्ज शोधायला अर्धा तास लागतो, तिथे खातं बंद करायचा अर्ज पापणी लवायच्या आत बाहेर आला. इतक्यात काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आले. चाळीस वर्षांत मी त्या पदावरच्या माणसाला केबिनबाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"सर, ऐकलं मी. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते दुःख नव्हतं. पासबुकाच्या मशीनपाशी बसणाऱ्या बाईंनी तर खुर्ची मागे सरकवून आळस दिला.

मी तो अर्ज वर-खाली पाहिला आणि म्हणालो, "नाही, म्हणजे... बंद करायचं झालं तर काय पद्धत असते, एवढंच विचारायला आलो होतो. एका मित्रासाठी."

"मित्रांनाही द्या, सर," मॅनेजर म्हणाले आणि पुन्हा केबिनमध्ये गेले.

अशा वेळी शहाणा माणूस लेकीसमोर जाऊन कबूल करतो की बाई गं, जमलं नाही. पण त्या रात्री लेक घरी आली ती खुर्चीचा रंग ठरवूनच. "मोठ्या डॉक्टरांना सांगून टाकलं बाबा, महिनाअखेर सोडते म्हणून." मी नुसती मान हलवली. मान हलवायलाही धैर्य लागतं.

म्हणून मी दुसरा मार्ग धरला. बँकेशी व्यवहार वाढवायचे. लाल आहे ना? हिरवा होऊन दाखवतो! मधुरवाणीला हा विचार फार आवडला. तिने माझ्याकडून पहिल्याच बैठकीत एक क्रेडिट कार्ड, एक अपघात विमा आणि एक लॉकर घेववला. लॉकर लहान आकारात शिल्लक नव्हता. मोठा होता. इतका मोठा की त्यात मी स्वतः पाय दुमडून बसलो असतो.

आता लॉकरमध्ये ठेवायचं काय, हा प्रश्न आला. हिचे दागिने ती देईना. "ते मी ठेवलेत जिथे ठेवायचे तिथे," एवढंच म्हणाली. कुठे, ते मला लग्नापासून माहीत नाही. रिकामा लॉकर बरा दिसत नाही, म्हणून घरातली सर्वांत मौल्यवान आणि लहान वस्तू कोणती, याचा मी विचार केला. उत्तर सोपं होतं. घराची जादा किल्ली. ती हरवली तर संपलंच. मी ती एका जाड पाकिटात घातली, पाकीट लॉकरमध्ये ठेवलं आणि लॉकरची किल्ली घरी आणून कपाटात, माझ्या मोज्यांच्या खाली जपून ठेवली.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

त्या रविवारी आम्ही दोघं बाहेरून आलो, तेव्हा घराची किल्ली दाराच्या आत टांगलेली होती आणि लॅचचं दार बाहेरून ओढलेलं होतं.

"जादा किल्ली कुठंय?" हिने विचारलं.

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"बँकेच्या लॉकरमध्ये."

"आज रविवार आहे."

"हो."

"आणि लॉकरची किल्ली?"

मी बंद दाराकडे बोट दाखवलं. ही जिन्याच्या पायरीवर बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. पण ती हसायला लागली आणि ते हसू ऐकून समोरचं दार उघडलं. सल्लागारांनी दार लाथेने उघडायचा सल्ला दिला, मग खिडकीतून शिरायचा दिला, मग अपघात विमा काढलाय ना, असं विचारून खिडकीचाच पुन्हा दिला. शेवटी कुलूपवाला आला. रविवारचे जादा पैसे मागितले. खिशात तेवढे नव्हते, म्हणून मी ऐटीत क्रेडिट कार्ड काढलं. कुलूपवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, याने लॅचचं दार उघडतं कधीकधी. पण तुमचं लॅच फार जुनं आहे." पैसे सल्लागारांनी उसने दिले आणि ते परत मिळेपर्यंत ही गोष्ट जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

महिना संपत आला होता. मी मधुरवाणीसमोर बसलो. "आता तरी पिवळा?"

तिने पडदा पाहिला आणि आवाजात अख्खं पोळं ओतलं. "सर, कार्ड घेतल्यापासून तुम्ही ग्राहक सेवेला बरेच फोन केलेत."

"कार्ड वापरलं नाही तरी पैसे कापले जात नाहीत ना, हे विचारायला नको?"

"रोज, सर?"

रंग लालच होता. फक्त, ती म्हणाली, आता जरा गडद झाला होता.

मग तिनेच शेवटचा उपाय सांगितला. घरातल्या सगळ्यांची खाती एका गटात बांधायची. घरात ज्याचं खातं आहे तो गटात येणारच; मग बँक एकेकाचा हिशेब न बघता अख्ख्या घराचा बघते. मला तो उपाय पटला. मी घरचा कर्ता माणूस, माझ्या झेंड्याखाली सगळे आले की आकडा वाढणारच. सहीसाठी मी हिला आणि लेकीला घेऊन गेलो.

आमची ही गेली तीसेक वर्षं घरी गणिताची शिकवणी घेते. बाहेरच्या खोलीत मुलं बसतात, म्हणून तर मी सकाळी बँकेत जाऊन बसायची सवय लावून घेतली. शिकवणीचे पैसे ती याच शाखेत ठेवते, हे मला माहीत होतं. वर्षाला एकदा ती येते, सगळ्या ठेवींचं एकदम नूतनीकरण करते आणि दहा मिनिटांत जाते. याला काही बँकेशी संबंध म्हणतात, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मधुरवाणीने हिचा नंबर टाइप केला. पडद्याचा उजेड बदलल्यासारखा वाटला.

"मॅडम!" ती चक्क उभी राहिली. "तुम्ही इतक्या दिवसांत आलात का नाही?"

"वेळ होत नाही हो," ही म्हणाली. "हे येतात ना रोज."

हिरवा. गर्द, रसरशीत हिरवा. मधुरवाणीने भराभर आकडे जुळवले, गट बांधला आणि थांबली. तिने आत जाऊन मॅनेजरना विचारलं, परत आली, पुन्हा आकडे जुळवले. मग तिने जो आवाज काढला, तितका गोड आवाज मी त्याआधी आणि नंतर ऐकलेला नाही.

"सर, गटाला पाव टक्का सवलत बसतेय."

"पाव? आणि अर्धा?"

"अर्धाही बसतो, सर. फक्त..." ती टेबलावरचा स्टेपलर सरळ करू लागली. "तुम्हाला वगळलं तर."

लेक स्वतःच्या चपलेकडे बघत होती. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. एक आनंदी कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर धावत होतं. त्यातला बाप सगळ्यात मागे होता. आजवर मला वाटायचं, तो सगळ्यांवर लक्ष ठेवायला मागे राहिला असेल.

"पाव टक्का पुरे," ही एकदम म्हणाली. आवाज शिकवणीतला, पुढे प्रश्न विचारायचा नाही असा. "घरातलं माणूस वगळून सवलत नको आम्हाला."

"हो बाबा," लेक म्हणाली. "संध्याकाळची नोकरी अजून वर्षभर करीन. मोठ्या डॉक्टरांना विचारते, परत घेतील."

ती 'परत घेतील' म्हणाली तेव्हा हसली, पण त्या हसण्यात दात दिसले नाहीत. दातांच्या डॉक्टरचे दात दिसले नाहीत की बापाला कळतं.

"तो अर्ज आहे का हो," मी मधुरवाणीला विचारलं, "तो ड्रॉवरमधला?"

"अहो!" ही म्हणाली.

"थांब. मी अर्धा टक्का म्हणालो होतो. कसा आणणार ते मी कुठे सांगितलं होतं?"

पेन घ्यायला मी काउंटरवर गेलो. दोरी जेमतेम पुरली. वाकून, मान वाकडी करून मी सही केली. कार्ड परत दिलं, विमा रद्द केला, लॉकरमधून माझी मौल्यवान वस्तू सोडवून घेतली. पासबुकाच्या शेवटच्या पानावर मशीनने एक शेवटची ओळ छापली. त्या दिवशी खरोखर नोंद होती. बाहेर पडताना लेकीने माझा हात धरला, आणि रस्ता ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

"बाबा, तुमची ती दुखरी दाढ पहिल्या दिवशी काढू या. उद्घाटन तुमच्यापासून."

"नाही," मी म्हणालो. "फुकटे पेशंट परवडत नाहीत. मी पैसे देऊन बसणार खुर्चीत."

"रोज येऊ नका म्हणजे झालं," ही म्हणाली.

खरी गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सवय नावाची एक गोष्ट असते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत मुलं समीकरणं सोडवायला लागली आणि माझे पाय आपोआप बँकेकडे वळले. दारातून आत शिरल्यावर मला आठवलं की आपला इथे आता काही संबंध नाही. परत फिरणार, एवढ्यात दाराजवळच्या नव्या टेबलामागची एक मुलगी लगबगीने उठली. बहुधा त्याच आठवड्यात रुजू झाली असावी.

"या सर, बसा ना! आपल्याकडे खातं आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"अरे वा!" तिचा चेहरा उजळला. "चहा घेणार की कॉफी?"

चाळीस वर्षं मी त्या शाखेत चहाचे कप केबिनमध्ये आत जाताना पाहिले होते. बाहेर येताना रिकामे असायचे. आज एक भरलेला कप, बशीसकट, माझ्यासमोर आला. वर दोन बिस्किटं. पलीकडून मधुरवाणीने मला पाहिलं, तिचे ओठ किंचित हलले आणि ती लगेच कागदांत तोंड घालून बसली. मुलीने मला सांगितलं की नव्या ग्राहकाला पहिलं वर्षभर कुठलंच शुल्क नाही, शिवाय पहिलं वर्षभर त्याचा हिशेबही कुणी बघत नाही.

"म्हणजे रंग नसतो?"

"कसला रंग, सर?"

"काही नाही. बोला तुम्ही."

"याआधी कुठे खातं होतं का, सर?"

मी चहाचा एक घोट घेतला. साखर जरा जास्त होती, पण मी काही म्हणालो नाही.

"होतं एका बँकेत," मी म्हणालो. "चाळीस वर्षं. पण त्यांना मी परवडलो नाही."

मुलीला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "नुकसान त्यांचंच, सर," ती म्हणाली आणि फॉर्म माझ्यासमोर सरकवला. मी सवयीने उठून काउंटरकडे निघालो, तसं तिने मला थांबवलं, ड्रॉवर उघडला आणि एक कोरं करकरीत पेन माझ्या हातात दिलं.

त्याला दोरी नव्हती.